लावायचं नाव

धाकटी डोळे करायची. लोक त्यांना काचेचे डोळे म्हणतात, पण काच मागे पडून कितीतरी वर्षं झाली. आता ते अ‍ॅक्रिलिकचे असतात. अपघातात, आजारात किंवा जन्मापासूनच ज्याचा एक डोळा गेलेला असे, तो माणूस तिच्या वडिलांच्या कार्यशाळेत यायचा. खोबणीचं माप घ्यायचं, पांढरी वाटी ओतायची, मग त्या माणसाला उत्तरेच्या खिडकीशी बसवून त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत बघत दुसऱ्याचं बुबुळ रंगवायचं. पांढऱ्यावर लाल रेशमाचे तंतू बसवून शिरा काढायच्या. एका डोळ्याला दोन दिवस लागत. वडील हे काम चाळीस वर्षं करत होते. डॉक्टर नव्हते, पण सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे आणि त्यांनी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

कार्यशाळेच्या दारावर पाटी होती ती नुसत्या आडनावाची. हॉस्पिटलमधल्या नर्सना तेवढं पुरायचं. पेशंटला म्हणायच्या, अमक्यांकडे जा, आणि पत्ताही सांगायच्या नाहीत. प्रत्येक डोळ्याच्या मागच्या अंगाला, जे कुणालाच दिसत नाही तिथे, आडनावाचं पहिलं अक्षर आणि एक क्रमांक घातलेला असायचा.

धाकटी सतराव्या वर्षी खिडकीशी बसायला लागली. तिचा मोठा भाऊ, दादा, माप घ्यायचा आणि माणसांशी गोड बोलायचा. रंगात त्याचा हात नव्हता. तो स्वतःच सांगायचा, मी रंगवलेला डोळा लावून माणूस बाहेर पडला तर लोक त्याच्या खऱ्या डोळ्यावर संशय घेतील. धाकटीचा हात मात्र चालला. पंचविशीपर्यंत पेशंट तिला ‘धाकट्या बाई’ म्हणू लागले आणि वडील तिच्या खांद्यावरून बघणं सोडून पेपर वाचू लागले.

एकोणतिसाव्या वर्षी तिने लग्न केलं. नवरा लिफ्ट तपासनीस होता. गाठ पडली तीही हॉस्पिटलच्या लिफ्टपाशीच. त्याने तपासणीसाठी लिफ्ट अडवून ठेवली होती आणि ही नमुन्यांची पेटी घेऊन ताटकळत उभी. पेटीत काय आहे म्हणून त्याने विचारलं, हिने झाकण उघडून दाखवलं. तो दचकला नाही. म्हणाला, इतके डोळे रोखलेत माझ्यावर, आता दाखला नीटच द्यायला हवा. धाकटीला तो तिथेच आवडला. सावध माणूस होता. कुठल्याही दोरावर लगेच विश्वास टाकत नसे, आणि एकदा टाकला की परत परत ओढून बघत नसे.

लग्नाची नोंद झाली तेव्हा कचेरीतून एक फॉर्म मिळाला. ‘विवाहानंतर धारण करावयाचे नाव.’ खाली तीन चौकटी: पूर्वीचं, जोडीदाराचं, दोन्ही. तीन महिन्यांच्या आत भरून द्यायचा होता.

नवरा म्हणाला, लिफ्टमध्ये माणसाचं नाव विचारत नाहीत, वजन विचारतात. तुला हवं ते लाव. धाकटीने ते खरं मानलं. ‘तुला हवं ते कर’ म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा आपल्यालाही काहीतरी हवं असतं, हे कळायला तिला बरीच वर्षं लागली.

सासूबाई शाळेचे गणवेश शिवायच्या. मुलगा सहा वर्षांचा असताना त्यांचा नवरा गेला. मागे काय राहिलं, तर शिवणयंत्र, मुलगा आणि आडनाव. त्या आडनावाने त्यांनी दुकान चालवलं, शाळांची कामं मिळवली, मुलाला वाढवलं. लग्नाच्या आधीच त्यांनी घराच्या दारासाठी पितळी पाटी करून घेतली होती. वर मुलाचं नाव, खाली सुनेचं, आणि शेवटी दोघांना मिळून एकच आडनाव, मोठ्या अक्षरात.

धाकटीने त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसून सांगितलं की आपण नाव बदलणार नाही. कारण सांगितलं तेही खरं. त्या नावामागे वडिलांची चाळीस वर्षं आहेत. दादाला रंग येत नाही. आपण नाव सोडलं तर वडिलांच्या हातासोबतच ते नाव संपेल. ते तुमच्यावर रुसून नाही, असंही ती म्हणाली.

सासूबाईंनी पाटी पुन्हा कागदात गुंडाळली.

“म्हणजे आमच्या नावाला हात नाहीत,” त्या म्हणाल्या.

पाटी त्यांनी पाटीवाल्याकडे परत नेली, पण अक्षरं कोरलेली वस्तू कोण परत घेणार. ती कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. महिनाभर त्या धाकटीशी कामापुरतं बोलत होत्या. नवऱ्याने दोनदा विचारलं, दोन्ही नावं लावली तर? धाकटीने समजावलं की डोळ्याच्या मागे एकाच अक्षरापुरती जागा असते. तो हसला, पण अर्धवट. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

तिने पहिल्या चौकटीत खूण केली. फॉर्म देऊन ती सरळ कार्यशाळेत गेली आणि वडिलांना म्हणाली, मी आपलंच नाव ठेवलंय. वडील एका वाटीची कड घासत होते. “हं,” एवढंच म्हणाले. बोलके नव्हतेच ते. धाकटीने त्या ‘हं’ला स्वतःच्या मनाने खूप काही जोडलं, आणि पुढची पाच वर्षं ते उराशी धरून राहिली.

नाव ठेवण्यापायी जे सोसायचं ते तिने सोसलं. सासूबाई लोकांना तिची ओळख करून देताना ‘माझी सून’ म्हणायच्या नाहीत, ‘मुलाची बायको’ म्हणायच्या. नवऱ्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं त्या दिवशी कारकुनाने तिला दोन नावांचा मेळ लागत नाही म्हणून बाहेर उभं केलं, आणि आत सही करायला सासूबाई गेल्या. येताना त्या तिच्याकडे बघून काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी वडिलांचा हात कापायला लागला. आधी चहाचा कप, मग कुंचला. बुबुळाच्या कडेची जी करडी रेघ ते एका श्वासात मारायचे, ती त्यांना जमेना. धाकटीने कुणाला कळू दिलं नाही. रंगवायची ती, वडील पेशंटच्या समोर कोरडा कुंचला हातात धरून बसायचे, त्याच्याशी गप्पा मारायचे, मधूनच उजेडात डोळा धरून मान हलवायचे. पेशंट उठताना त्यांचे हात हातात घ्यायचा. ही सगळी रचना धाकटीनेच केली होती. म्हातारपणी त्यांचं नाव जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

याच काळात वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम केला आणि तीही कार्यशाळेत बसू लागली. वहिनी वाईट नव्हती. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिने आडनाव बदललं होतं. म्हणायची, जुनी सही मला कधी आवडलीच नव्हती. रंग ती पुस्तकातल्या प्रमाणात मिसळायची. तपकिरी डोळे बरे करायची. हिरवट, करडे डोळे तिच्या हातून मेल्या माशासारखे व्हायचे. धाकटी ते गुपचूप परत रंगवायची.

एका रविवारी दुपारी वडिलांनी सगळ्यांना बोलावलं. जेवणं झाली. वडील म्हणाले, मी थांबतो आता. कार्यशाळा दादाच्या नावाने केली आहे, कागद झाले आहेत. धाकटीला हे अर्धंमुर्धं अपेक्षित होतं. दादा मोठा, माणसं सांभाळणारा, बसो गादीवर. ती म्हणाली, ठीक आहे, मी माझं काम करत राहीन.

वडिलांनी दादाकडे पाहिलं. दादाने टेबलावरचे कण गोळा करायला सुरुवात केली.

मग वडील म्हणाले की काम तिने करावं, जरूर करावं, पण घराची म्हणून नाही, बाहेरची कारागीर म्हणून. आठवड्यातून दोन दिवस. पेशंटसमोर वहिनी बसेल. पाटीवर आता दादा-वहिनीचं नाव येणार, लोकांना एकच तोंड दिसलेलं बरं. आणि तिने कुठे बाहेर काम घेतलं तर त्यावर आपलं अक्षर घालू नये.

“पण ते माझंही अक्षर आहे,” धाकटी म्हणाली.

“तुझं लग्न झालं.”

“मी नाव बदललं नाही. तुमच्यासाठी नाही बदललं.”

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नव्हते. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

“मी सांगितलं होतं का तुला?” ते म्हणाले. “उलट लोक मला विचारायचे, मुलीने नवऱ्याचं नाव का नाही लावलं, काही बिघडलंय का त्यांचं. काय सांगणार होतो मी? मला वाटायचं, आज ना उद्या लावशील.”

दादा म्हणाला, तू मनाला लावून घेऊ नकोस. वहिनी उठून भांडी आवरायला लागली. धाकटीने आपले कुंचले घ्यायचं ठरवलं आणि ती खाली कार्यशाळेत गेली, तर तिच्या लक्षात आलं की त्यातला एकही तिने स्वतः आणलेला नव्हता. सगळे कार्यशाळेचे. ती रिकाम्या हाताने घरी आली. कुणासाठी काय मोठं सोडलं म्हणून पाच वर्षं मिरवावं, आणि ज्याच्यासाठी सोडलं त्याने म्हणावं, मागितलं कुणी होतं. तिला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

दोन महिन्यांनी तिने हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या वरची एक खोली घेतली. खिडकी उत्तरेची नव्हती, पूर्वेची होती. सकाळचे दोन तास उजेड फसवायचा. तिने दारावर स्वतःचं नाव लावलं, पूर्ण नाव, आडनावासकट. पाटी लावून तीन आठवडे झाले आणि वकिलाचं पत्र आलं. दादाने आडनाव धंद्याचं नाव म्हणून नोंदवून घेतलं होतं. कृत्रिम डोळ्यांच्या कामासाठी ते दुसऱ्या कुणालाही वापरता येणार नाही, असं त्यात होतं. खाली दादाची सही होती, आणि पत्रासोबत एक चिठ्ठी, त्याच्याच अक्षरात. यात रागाचं काही नाही, वकिलाने करायला सांगितलं, तब्येतीला जप.

ती स्वतः एका वकीलबाईकडे गेली. बाईंनी पत्र दोनदा वाचलं. भांडता येईल म्हणाल्या, पण नाव तुमचं असलं तरी धंद्यातला वापर त्यांचा जुना आहे, आणि डोळ्यांमागचं अक्षर हाच त्यांचा पुरावा. त्या पुराव्यातले अर्धेअधिक डोळे आपण रंगवलेत, असं धाकटीने सांगितलं. बाईंनी विचारलं, तसं कुठे लिहिलंय? कुठेच लिहिलं नव्हतं. लिहिलं जाऊ नये याची काळजी तर तिनेच घेतली होती.

त्या संध्याकाळी नवरा हात धूत होता. वंगण निघायला त्याला वेळ लागायचा. धाकटी दाराशी उभी राहून म्हणाली, मी तुझं नाव लावते.

तो बराच वेळ हात चोळत राहिला.

“आता?” तो म्हणाला.

ती म्हणाली, दारावर काहीतरी लावायला हवं. दुसरं काही सांगता आलं असतं. तिच्या तोंडून खरं तेच निघालं.

नवऱ्याने नळ बंद केला. तो सांगू लागला की पाच वर्षांपूर्वी तिने नको म्हटलं तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं, पण आदरही वाटला होता. वडिलांच्या नावासाठी इतकी घट्ट राहणारी बायको, उद्या आपल्यासाठीही राहील. आता तिने मागितलं याचा आनंद व्हायला हवा, आणि तो होत नाही. त्याने हे आवाज न चढवता सांगितलं, एखाद्या लिफ्टचा अहवाल वाचावा तसं.

“लाव,” शेवटी तो म्हणाला. “फक्त आईला सांगू नकोस, खुशीने लावतेस म्हणून. तिला कळतं.”

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या एका बाहीला बटण लावत होत्या. दोरा तोडून म्हणाल्या, “आमचं नाव म्हणजे काय धर्मशाळा आहे? बाहेर हाकललं की आत यायचं?”

सासूबाईंनी दुसरं बटण घेतलं. ते लावता लावता म्हणाल्या की मलाही माझ्या बापाने तेच सांगितलं होतं, तू आता तिकडची. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि तिकडची झाले. तू पस्तिशीला होतेस, एवढाच फरक. मग त्यांनी विचारलं, चहा घेणार का. माया होती की नव्हती, हे धाकटीला त्या आवाजावरून कळलं नाही.

नोंदणी कचेरीतला कारकून तरुण आणि गप्पिष्ट होता. म्हणाला, तीन महिन्यांची मुदत उलटून पाच वर्षं झाली. आता साधा फॉर्म चालणार नाही, अर्ज करावा लागेल, आणि अर्जात कारण लिहावं लागतं. तिने पेन उचललं. कारणाच्या रकान्यात दोन ओळींची जागा होती. मागे सहा माणसं उभी होती. तिने लिहिलं, ‘विवाहामुळे’. कारकुनाने वाचलं आणि हसून म्हणाला, बाई, फार विचार केलात.

नवीन पाटी लागली. पहिलं वर्ष वाईट गेलं. नर्स जुनंच नाव सांगायच्या; चाळीस वर्षांची सवय, त्यांचा तरी काय दोष. नवीन नाव ऐकून लोक विचारायचे, हे कोण, आधी कुठे होते? ‘तेच हात आहेत’ असं सांगायची तिला वकिलाच्या पत्रामुळे सोय नव्हती. फोन उचलताना नवं आडनाव उच्चारायच्या आधी ती क्षणभर अडखळायची, आणि पलीकडच्याला वाटायचं चुकीचा नंबर लागला. दुसऱ्या वर्षी जरा बरं झालं. एका तरुण सर्जनला तिचं काम पसंत पडलं आणि तो माणसं पाठवू लागला.

वडिलांची भेट दादाच्या घरी व्हायची, कामाचा विषय न काढता. त्यांचा हात आता मांडीवरही स्थिर राहत नसे. तिने एकदा तो धरला. त्यांनी धरू दिला.

तिसऱ्या वर्षी गाण्याच्या बाई आल्या. शाळेत समूहगान शिकवायच्या. साठीच्या होत्या, डावा डोळा लहानपणीच गेलेला, आणि उजवा असा की त्यात करडा, हिरवा आणि मधासारखा पिवळा एकमेकांत मिसळलेले. सहा वर्षांपूर्वी त्यांचा डोळा धाकटीने रंगवला होता, चार दिवस लागले होते. मधे त्यांनी जुन्या कार्यशाळेतून नवा करून घेतला, तो त्यांना मानवेना. मुलं गाताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, डोळ्याकडे बघतात, म्हणाल्या. हॉस्पिटलमध्ये कुणीतरी या खोलीचा पत्ता दिला. धाकटीला त्यांनी ओळखलं नाही. तिच्या तोंडावर मास्क होता आणि सहा वर्षं झाली होती. तिनेही लगेच ओळख दिली नाही.

तिने पाच दिवस घेतले. सकाळचा फसवा उजेड टाळून दुपारी बसवलं. पिवळा रंग तिने तीनदा पुसून परत लावला. शेवटच्या दिवशी डोळा खोबणीत बसवून तिने आरसा त्यांच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला उभी राहिली. बाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर पाहिलं.

“अगदी डॉक्टरांचा हात,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षांपूर्वी त्यांनी केला होता ना, हुबेहूब तसा. तुम्ही त्यांच्याकडे शिकलात का?”

धाकटीने मास्क काढला. बाईंना आठवलं. अगंबाई, तुम्ही त्यांची मुलगी, असं म्हणून त्यांनी तिचा हात हातात घेतला.

“तो डोळाही मीच केला होता,” धाकटी म्हणाली. “त्यांचा हात तेव्हाही कधी कधी दमायचा. तुमचा सगळा मी रंगवला.”

बाई हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. घराचा अभिमान धरणाऱ्या मुलींकडे बघून मोठी माणसं हसतात, तसं हसल्या.

“असं कसं? मी पाहिलंय ना, कुंचला त्यांच्या हातात होता, नावही त्यांचंच होतं,” म्हणाल्या.

धाकटीने आरसा परत घेतला. डोळा कसा काढायचा, कसा धुवायचा, झोपताना ठेवायचा की नाही, सगळं तिने त्यांना समजावून सांगितलं. कार्डावर पुढल्या वर्षीच्या पॉलिशची तारीख लिहिली, खाली सही केली, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.